पाव टक्क्याचा अंदाज

बाळांनो, दर रविवारी फोनवर तुम्ही विचारता, आजी-आजोबा कधी येणार, आणि दर रविवारी मी काहीतरी कारण सांगते. आजोबांचा गुडघा, व्हिसाची तारीख, इथला उन्हाळा. गेल्या रविवारी धाकटीने तिच्या कपाटातला एक कप्पा रिकामा करून दाखवला आणि म्हणाली, हा तुमच्या दोघांच्या कपड्यांसाठी. त्यानंतर मला पुढचं कारण सुचेना. आम्ही येणार नाही. या वर्षी नाही, आणि मला दिसतं तितपत पुढेही नाही. का, ते लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण सबबी मला इंग्रजीत फार सफाईने जमतात.

तुम्हाला माहीत आहे, मी अमरावतीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. तिथे माझं नाव शिकवण्यापेक्षा 'आयएमपी'साठी जास्त होतं. परीक्षेआधी शिक्षकांनी महत्त्वाचे प्रश्न सांगायचे, ही आमच्याकडची रीतच. मी मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा तक्ता करायची. कोणता प्रश्न कधी आला, किती वर्षं गाळला, कोणता लागोपाठ दोनदा आला. पाचातले चार बरोबर निघत. अंजनगाव सुर्जीहून दुसऱ्या कॉलेजची मुलं एसटीने फक्त ती यादी उतरवून घ्यायला येत. निवृत्त होऊन अकोल्याला आले तरी त्याचा अभिमान माझ्या अंगातून गेला नव्हता.

इथे आजोबा सकाळी बागेत फिरायला जातात. तिथे सगळे निवृत्त, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच विषय: मुदत ठेवीचं व्याज. दर दोन महिन्यांनी देशाच्या मध्यवर्ती बँकेची समिती बसते आणि व्याजदर ठरवते. गव्हर्नर सकाळी दहाला तो टीव्हीवर वाचून दाखवतात. दर उतरला की म्हाताऱ्यांच्या ठेवीवरचं व्याजही उतरतं. दर उतरणार की तसाच राहणार, यावर बागेत पैजा लागायला लागल्या. हरणाऱ्याने सगळ्यांना कचोरी द्यायची.

एक दिवस आजोबा त्यांच्या मित्राला घेऊन घरी आले. हे गृहस्थ एसटी डेपोतून निवृत्त झालेले, मूळचे बाळापूरचे. बसायच्या आधीच ते म्हणाले, "वहिनी, या बारीचा पेपर सांगा. भाऊ म्हणे घरीच पेपर फोडनारी हाय."

मी हसले आणि तक्ता करायला घेतला. तारीख, मागच्या वेळी निवेदनात काय म्हटलं, नंतर काय केलं, असे तीन रकाने. पाव टक्का उतरेल, असं सांगितलं. पाव उतरला. दोन महिन्यांनी पुन्हा पाव सांगितलं, पुन्हा पाव उतरला. बागेत माझ्या नावाने कचोऱ्या खाल्ल्या गेल्या. आपल्याच ताटातली भाकरी कमी होणार, हे सांगून मी वाहवा घेत होते.

मग मित्राने खबर आणली. बाजारात एक जण क्रिकेटवर पैसे लावून घेतो, तो आता यावरही घेणार होता. जैसे थे, पाव, अर्धा, तिन्हींचे वेगळे भाव. अर्ध्याला भाव मोठा, कारण तो कोणालाच खरा वाटत नव्हता. पावाला फक्त दुप्पट, म्हणजे मोठं काही हाती लागायचं तर रक्कमही मोठी लावायला हवी.

आमच्याकडे एक ठेव होती. तुमच्याकडे यायच्या तिकिटांची. पण विमानाचं भाडं, आमच्या वयाचा विमा, सगळं वाढत गेलं आणि ती एकाच माणसाला पुरेल एवढी उरली. आजोबा वर्षभर म्हणत होते, "तू जाऊन ये. मले काय, मी इथं बरा हाय." मी एकटी जायला तयार नव्हते. त्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "अवं, दर तं कमी होनारच हाय. आपलं व्याज बुडनारच. मंग त्याच्यातूनच दोघांचं तिकीट निघालं, तं कोनाचं काय गेलं?"

"अहो, हा सट्टा आहे," मी म्हटलं.

"कचोरी खाल्ली तवा नव्हता काय?"

मी तक्ता पुन्हा काढला. पेपर काढणारा प्राध्यापक सहसा वळण मोडत नाही. मोडलं तर मुलं ओरडतात, वर्तमानपत्रात येतं. दोनदा पाव आला, तिसऱ्यांदाही पावच येईल. मी तसं सांगितलं, आणि खात्रीने सांगितलं. ठेव दोघांच्या नावावर होती. ती मोडून सगळे पैसे पावावर लावले. मोडायच्या कागदावर माझी सही आहे. हे तुम्हाला कळलंच पाहिजे, कारण तुमची आई हे आजोबांच्या माथी मारेल.

निकालाच्या दिवशी मित्र साडेनऊलाच आले. कूलरचा आवाज मोठा होता म्हणून तो बंद केला आणि तिघं घामाघूम होऊन टीव्हीपुढे बसलो. गव्हर्नरांनी वाचलं: अर्धा टक्का कपात.

मित्राने मांडीवर थाप मारली. "झाला ना कमी! भाऊ, जितलो!"

आजोबाही उठून उभे राहिले होते. मला सांगावं लागलं की आपण पाव म्हटलं होतं.

"पन अर्ध्यात पाव येतेच ना वहिनी?"

मी टीव्ही बंद केला. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते हळूच खाली बसले. दुपारी उन्हात दोघं बाजारात गेले आणि त्या माणसाला तोच युक्तिवाद ऐकवला. तो म्हणाला, "काका, पाव किलो साखर मांगतली अन् म्या अर्धा किलो देली तं तुमी उचलून न्याल. इथं तसं नसते." त्याने पाणी दिलं. अशा पैशाची पावती नसते, तक्रारही नसते.

माझी चूक कुठे झाली ते मला त्याच संध्याकाळी कळलं. पेपर काढणारा मुलांना भितो. समितीला आमचं भय नव्हतं. अकोल्यात तीन म्हातारी माणसं आपला तक्ता करून बसली आहेत, हे तिला माहीतही नव्हतं. चाळीस वर्षं परीक्षा घेतलेल्या बाईला हे आधी कळायला हवं होतं. तक्ता मी नीट घडी करून रद्दीत दिला.

आजोबांनी एकदाच विषय काढला. "तुयं नाई चुकलं. त्याईनं पेपर बदलला." चूक माझीच होती, पण त्यांना तसं बोलायचं होतं, म्हणून मी बोलू दिलं. मित्र आता बागेत संध्याकाळी जातात, आजोबा सकाळी. आमची दुसरी एक छोटी ठेव होती, ती मुदत संपल्यावर नवीन दराने ठेवली. तिच्या व्याजात औषधं येतात. आजोबांच्या पासपोर्टची मुदत या वर्षी संपते. मी अर्ज आणून टेबलावर ठेवला होता. ते म्हणाले, "राहू दे, फोटो काढाले कोन जाईल?" त्यांचं वय दरवर्षी एका वर्षाने वाढतं आणि विम्याचा हप्ता त्याहून वेगाने. तेवढे पैसे पुन्हा साठायला जितकी वर्षं लागतील, तितकी आमच्याकडे नाहीत. तुम्ही इथे याल म्हणाल, तर तुमच्या आईबाबांच्या सुट्ट्यांचं मला माहीत आहे. त्यावर मी कोणताही अंदाज करणार नाही.

धाकटीला सांगा, त्या कप्प्यात तिने आपले कपडे ठेवावेत.

राहतं घर आमच्या नावावर आहे. दोघांची पेन्शन वेळेवर येते. माझे डोळे अजून बारीक अक्षर वाचतात. आजोबा माझ्याशी बोलतात.