विझलेलं रेडियम

दुपारी आई अप्पांचं जुनं घड्याळ ओंजळीत झाकून आत डोकावत होती. लहानपणी त्याचे हिरवे आकडे आम्ही गोधडीत शिरून बघायचो. आता अंधारात काहीच दिसत नाही.

"संपलं वाटतं गं रेडियम," ती म्हणाली.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे गप्प बसवलं नाही. "रेडियम आहे, आई. चमकणारा रंग तेवढा थकला. अणूंची केंद्रकं आत अजून फुटतायत, कण बाहेर पडतायत. पूर्वी त्या माऱ्यानं रंग उजळायचा, आता उजळत नाही, इतकंच."

कुठलं केंद्रक कधी फुटेल, हे कुणालाच सांगता येत नाही. वर्षानुवर्षं निमूट बसलेलं एखादं अशाच दुपारी, चहा गाळताना फुटत असेल. अप्पा गेल्यावर आई सारखी रडायची. हल्ली रडत नाही. मामी सगळ्यांना सांगते, "वन्सं सावरल्या हो."

"म्हणजे आत चालूच आहे," आई स्वतःशीच म्हणाली आणि घड्याळ तिनं कानाशी नेलं.

ते कधीच बंद पडलंय. तरी ती बराच वेळ ऐकत राहिली.