कडू घास नेणाऱ्या सुशीलाबाई

सुशीलाबाई गावंडे लग्नकार्यात फारशा दिसायच्या नाहीत. बारशाचं, मुंजीचं बोलावणं आलं तर नवऱ्याच्या, बाबारावांच्या हाती पाकीट पाठवून मोकळ्या व्हायच्या. पण रायपुरातल्या ओळखीच्या मराठी घरात मरण झालं, की लोक घाटावरून परतायच्या आत त्या पिठलं-भाताचा डबा घेऊन तिथे पोचलेल्या असत.

माणूस गेलं त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. पहिलं जेवण बाहेरून येतं, त्याला आपल्यात कडू घास म्हणतात. एरवी ते नातेवाईक आणतात. पण इथल्या वऱ्हाडी घरांचे नातेवाईक अमरावतीला, वर्ध्याला. त्यांची गाडी येईपर्यंत घरातली माणसं तशीच भिंतीला टेकून बसलेली असायची. ती वेळ सुशीलाबाईंची.

हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आर्वीहून लग्न होऊन त्या इथे आल्या तेव्हा बाबाराव रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते आणि तात्यापाऱ्यात भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पहिली मुलगी चालायला लागली आणि तापात गेली. गावाकडचं कुणी पोचलेलं नव्हतं. तेव्हा पुरानी बस्तीतल्या रमाबाई ताट झाकून घेऊन आल्या. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं. नोकरीसाठी आलेल्या वऱ्हाड्यांशी ती मंडळी जरा अंतर राखूनच बोलत. रमाबाईंची तर ओळखही नव्हती. त्या समोर बसल्या, भाताचा घास केला आणि म्हणाल्या, "तोंड उघड. तू उपाशी असताना मला घरी जाता येत नाही."

सुशीलाबाईंनी तो घास खाल्ला. पुढे विशाल झाला, घर स्वतःचं झालं, रमाबाईही गेल्या. त्यांच्या घरी पहिला डबा सुशीलाबाईंनी नेला, आणि मग ते काम त्यांच्याकडेच आलं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. आत गेल्यावर रडायचं नाही, काय झालं कसं झालं विचारायचं नाही. सरळ स्वयंपाकघरात जाऊन ताटल्या काढायच्या. जो जेवत नाही त्याच्यासमोर बसायचं. निघताना 'येते' म्हणायचं नाही, मुकाट्यानं चपला घालायच्या. चौबे कॉलनीतल्या नरहर पाठकांची बायको गेली तेव्हा त्यांचा चारुदत्त दहावीला होता. तो पलंगाखाली तोंड लपवून पडला होता आणि कुणाला हात लावू देत नव्हता. सुशीलाबाई जमिनीवर त्याच्याशेजारी आडव्या झाल्या आणि तिथेच त्याला घास भरवले. नरहरभाऊ नंतर प्रत्येक दिवाळीला फोन करून म्हणायचे, "वहिनी, पोट्टा तुमच्या हातून जेवला म्हणून जगला."

मग एकवीस सालचा एप्रिल आला. बाबारावांना दवाखान्यात जागा मिळाली ती शेवटचे दोन दिवस. सुशीलाबाई स्वतःही पॉझिटिव्ह, घराच्या दारावर कागद चिकटवलेला. बाबारावांना परस्पर नेलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी विशालनं बंगलोरहून फोनवर पाहिलं, कुणीतरी त्याला दाखवलं म्हणून. सुशीलाबाईंनी तेही पाहिलं नाही. गल्लीत कुणी आलं नाही. फाटकाला कुणीतरी ब्रेडचा पुडा आणि केळी अडकवून गेलं. संध्याकाळी चक्कर यायला लागली तेव्हा त्यांनी गॅस पेटवला, मुगाची खिचडी टाकली आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ली. नवरा गेला त्या दिवशी आपल्या घरची चूल आपणच पेटवली, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. पण त्यासाठी त्यांनी कुणाला बोल लावला नाही. विशाल फोनवर चिडला तेव्हा त्याच म्हणाल्या, "अरे, रोगराईत कोन येईल? मी तरी गेली असती काय?"

रोगराई संपली. मास्क आधी हनुवटीवर आले, मग खिशात गेले. लग्नं पूर्वीपेक्षा मोठी व्हायला लागली. विमानतळाच्या रस्त्यावरच्या लॉनमध्ये पाच-सहाशे माणसं एकमेकांना खेटून चाट खात उभी राहायची. वाढदिवसांना हॉल मिळेना. फक्त मरणाच्या घरी जाणं परत सुरू झालं नाही. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फोटो यायचा, खाली एक ओळ असायची: 'कृपया घरी भेटावयास येण्याचे टाळावे.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागायची. दोन वर्षं नाइलाजानं जे केलं होतं, ते लोकांना सोयीचं वाटायला लागलं होतं.

सुशीलाबाई ती ओळ वाचायच्या आणि तरी डबा भरायच्या. कुठे त्यांना आत घेत, कुठे ओट्यावरूनच डबा ठेवून घेत. गुडघे दुखायला लागले होते, पण त्या जात राहिल्या.

नरहर पाठक गेले ते तेवीसच्या हिवाळ्यात. सुशीलाबाईंनी सकाळीच पिठलं केलं, भात केला, ई-रिक्षा करून चौबे कॉलनीत गेल्या. फाटकातून आत जाताना त्यांना पोर्चमध्ये नरहरभाऊंची सून मोनाली दिसली. ती पुढे आली आणि दाराच्या मधोमध उभी राहिली.

"काकूजी, आप क्यों तकलीफ किए? खाने का तो हमने टिफिनवाले को बोल दिया है."

"हव, बोललं असशील. हा कडू घास आहे बेटा. पहिला घास बाहेरचा लागते."

"वो भी तो बाहर का ही है ना, काकूजी," मोनाली म्हणाली. तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. तिला खरंच फरक कळला नव्हता.

आतून चारुदत्त आला. कानाशी फोन होता, तो त्यानं जरासा बाजूला धरला. केस पांढरे व्हायला लागले होते, चेहरा ओढलेला.

"काकू, ग्रुपवर टाकलं होतं ना मी. घरी कुणी येऊ नका म्हणून."

"मी कुणी आहो काय रे?"

त्यानं फोनवर 'एक मिनिट' म्हटलं. मग म्हणाला, "एकाला आत घेतलं की सगळ्यांना घ्यावं लागते, काकू. मले नाही झेपत आता हे सगळं. बैठो, पानी लो, कैसे हुआ, पुन्हा पुन्हा तेच सांगा. प्लीज." आणि फोन कानाला लावून आत गेला. मोनालीनं पाण्याची बाटली आणून दिली. मागून टिफिनवाल्याची स्कूटर आत आली. सुशीलाबाई बाजूला झाल्या.

मरणाच्या घरी नेलेलं अन्न आपल्या घरी परत आणत नाहीत. डबा मांडीवर घेऊन त्या रिक्षात बसल्या. कुठे जायचं हे त्यांना रिक्षावाल्याला सांगता येईना. शेवटी बूढा तालाबपाशी उतरल्या आणि भिंतीलगत उभ्या असलेल्या गाईंपुढे सगळं रिकामं केलं. गाईंनी भात खाल्ला, पिठलं हुंगून सोडलं.

त्या संध्याकाळी विशालला त्यांनी सांगितलं, "मी आता कुनाकडे जाऊन नाही राहिली."

"सही किया, आई," विशाल म्हणाला. "लोकांनाही प्रायव्हसी पाहिजे असते. आणि तुझे गुडघे."

तेव्हापासून ग्रुपवर फोटो आला की त्याही जोडलेले हात पाठवू लागल्या. ते चित्र कुठे सापडतं हे त्यांनी विशालकडून शिकून घेतलं. बोटानं दाबलं की झालं. सुरुवातीला त्यांना दिवसभर चुकल्यासारखं व्हायचं. मग तेही कमी झालं. एकदा तर भाजी चिरता चिरता त्यांनी हात पाठवले आणि कोण गेलं हे नंतर नीट वाचलं.

पुढच्या पावसाळ्यात गल्लीच्या टोकाच्या घरातला शिशिर गेला. वय चाळिशीच्या आतलं, औषध कंपनीत नोकरी. सकाळी मोटारसायकल काढता काढता फाटकाशीच कोसळला. बायको राधिका गोंदियाची, सोबत लहान मुलगी ईरा. भाड्याचं घर, येऊन दोन वर्षं झालेली. सुशीलाबाईंना गच्चीवरून अँब्युलन्स दिसली, नंतर परत आलेली गाडीही दिसली. दुपारी शिशिरच्या ऑफिसातल्या चार माणसांनी त्याला घाटावर नेलं.

त्या खाली आल्या. बेसनाचा डबा फळीवरून काढला, ओट्यावर ठेवला. मग चौबे कॉलनीतलं दार आठवलं. ही तर चारुदत्तापेक्षाही तरुण माणसं. यांनी कुणाला तरी बोललं असेल, मोबाइलवर दहा मिनिटांत जेवण घरी येते. आपण जायचं आणि ओट्यावरूनच परत यायचं. त्यांनी बेसनाचा डबा फळीवर ठेवला. गल्लीच्या ग्रुपवर बातमी होती, तिच्याखाली हात जोडले.

तेराव्यानंतर आठवडाभरानं भाजीच्या ठेल्यापाशी राधिका भेटली. खूप वाळली होती. सुशीलाबाई म्हणाल्या, "कशी आहेस बेटा? ईराची शाळा सुरू झाली का?"

"झाली." राधिका टमाटे निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "काकू, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही काहून नाही आल्या?"

सुशीलाबाईंनी हातातला टमाटा ठेल्यावर परत ठेवला.

"शिशिरनंच सांगितलं होतं तुमचं. की गल्लीत एक काकू आहेत, त्या असं जेवण घेऊन जातात. आई-बाबांची गाडी लेट होती, रात्र झाली त्यांना. ऑफिसवाले घाटावरून परस्पर गेले. मी दाराकडे पाहून राहिली होती. ईरा भूक लागली म्हणत होती, तिला बिस्किटं दिली. मग मीच मॅगी केली. शिशिरला नेल्यावर हात धुतले नव्हते मी अजून, आणि मॅगी केली."

"मले वाटलं, तुमाले चालणार नाही. आजकाल लोकाइले आवडत नाही बेटा."

"विचारायचं तरी होतं," राधिका म्हणाली.

ठेलेवाला वजन करत होता. सुशीलाबाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला. "आज ये जेवायले. ईराले घेऊन ये. मी करते काहीतरी."

"नको काकू. आता लागत नाही." ती हे रागानं बोलली नाही. पिशवी उचलून चालायला लागली.

त्यानंतर सुशीलाबाई दोनदा तिच्या दारापर्यंत गेल्या. एकदा कुलूप होतं. एकदा राधिकानं दार उघडलं, खुर्ची दिली, चहा दिला, आणि पाहुण्यांशी बोलतात तसं बोलली. दिवाळीआधी तिचे वडील येऊन सामान गोंदियाला घेऊन गेले. निघताना ईरानं सुशीलाबाईंच्या गच्चीकडे पाहून हात हलवला, राधिका ड्रायव्हरशी बोलत होती.

आता त्या घरात दुसरे भाडेकरू आलेत. त्यांच्याकडे एक म्हातारे गृहस्थ आहेत, दिवसभर खोकत असतात, आवाज गल्लीभर येतो. सुशीलाबाईंना अजून त्यांचं नाव ठाऊक नाही. विचारायला जायचं त्यांच्या रोज मनात येतं.