रेडिओचा शब्द अडतो तेव्हा

गल्लीच्या तोंडाशी केस कापायचं दुकान होतं आणि दुकानदाराला सगळे 'रेडिओ' म्हणत. कात्री थांबायची, पण जीभ नाही. डावा कान लहानपणापासून वाहायचा, त्यात कापूस कोंबून तो जगाला चार गोष्टी सुनावायचा.

बायको म्हणे, "अहो, कान दाखवा एकदा."

"माझं काम बोलायचं. ऐकायला तू आहेस की!"

मग डोकं ठणकायला लागलं, ताप हटेना. एका सकाळी गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधून त्यानं चहा घेऊन आलेल्या बायकोपुढे हात केला. "चमचा दे."

तिला वाटलं, गंमत करताहेत. त्यानं कंगव्याकडे बोट दाखवलं. "चमचा गं!" आणि स्वतःच घाबरला.

गळ्यातल्या कापडासकट त्या गिऱ्हाइकानंच दोघांना आपल्या गाडीतून इस्पितळात नेलं.

स्कॅन बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कानातला पू हाड पोखरून मेंदूत शिरलाय. गळू झालंय. कवटीला भोक पाडून आजच काढायला हवं."

"वाचतील ना?"

"वाचतील असं वाटतंय. बोलण्याचं मात्र आत्ता सांगता येत नाही."

डोकं भादरायला वॉर्डातला माणूस आला, तेव्हा ग्लानीतही रेडिओनं त्याचं मनगट धरून वस्तऱ्याचा कोन सुधारला. बायको रडता रडता हसली.

पू निघाला. कित्येक आठवडे शिरेतून औषधं चालली, पुढे कानाचंही ऑपरेशन झालं. माणूस हाती लागला, पण शब्द वाटेत सांडले. आरशाला खिडकी, लेकीला आत्या. घरी आल्यावर एकदा फिट आली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "गोळी चुकवायची नाही, आणि कुणाच्या गळ्याला पातं लावायचं नाही."

तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. तिनं त्याला उठवून दुकानातल्या खुर्चीत बसवलं, आणि वस्तरा स्वतः हातात घेतला.

"हळू! तो... तो नांगर तिरका धर!"

"वस्तरा."

"तेच ते!"

दोन ठिकाणी कापलंच. त्यानं तुरटी फिरवून घेतली आणि दुसरा गाल पुढे केला.

आता गिऱ्हाइकं तिच्या हाताखाली डोळे मिटून बसतात. तो बाकावर बसून गोष्टी सांगतो. शब्द अडला की अख्खं दुकान तो शोधायला लागतं. कुणी मुद्दाम भलताच सुचवला, तर सगळ्यात आधी तोच हसतो. बायकोला अजून अधूनमधून 'मावशी' म्हणतो. ती ओ देते.