आमच्या म्हणजेबाई

इंग्रजी शब्दाचा गाइडातला मराठी अर्थ सांगितला की आमच्या बाई चिडायच्या. 'टेबल म्हणजे मेज' असं कुणी म्हटलं, की खडू खाली ठेवून विचारायच्या, "मेज? तुझ्या घरी कोण म्हणतं गं मेज?" कुणीच म्हणत नसे. मग तो अर्थ फळ्यावरून पुसला जायचा, छापलेला असला तरी. प्रत्येक शब्दावर "म्हणजे?" विचारतात म्हणून गावाने त्यांचं नाव म्हणजेबाई पाडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही, असा माझा दाट संशय आहे.

वाटूर फाट्यावरून आत गेलं की आमचं गाव. शाळा चौथीपर्यंत, आणि तिसरी-चौथी बाईंकडे एकत्र. त्यांचं म्हणणं एवढंच, की वस्तू काय करते ते सांगा, ती नसली तर कुणाचं अडतं ते सांगा, आणि सांगताना घरातलेच शब्द वापरा. मी तिसरीत असताना 'बस' हा शब्द माझ्या वाट्याला आला. मी म्हटलं, हात केला तरी फाट्यावर थांबत नाही ती बस. वर्ग हसला, बाईही पोट धरून हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "हे एका बसचं झालं पोरी. सगळ्या बसला लागू पडंल असं सांग." ते काही मला त्या दिवशी जमलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की प्रत्येकाला एक शब्द घरी न्यावा लागे. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला नुसता अर्थ सांगायचा, शब्द सांगायचा नाही, आणि त्याने वस्तू ओळखली तरच आपण पास. मला फ्रिज मिळाला होता. मी चुलतीला विचारलं, ज्यात ठेवलं की पाणी गार होतं ते काय? ती भाकरी थापता थापता म्हणाली, माठ. मी रडकुंडीला आले. सोमवारी बाईंकडे तक्रार केली, की आमच्या चुलतीला काहीच कळत नाही. बाई म्हणाल्या, "त्यांचं बराबर हाय. तुझंच सांगणं कमी पडलं." आज मी दवाखान्यात नर्स आहे. शुगर म्हणजे काय, हे एखाद्या म्हाताऱ्या बाबांना समजावताना त्यांचा चेहरा कोराच राहिला, की मी त्यांच्यावर चिडत नाही. पुन्हा पहिल्यापासून सांगते. ही बाईंचीच शिकवण.

मी तिसरीत होते त्याच वर्षी गावात पिवळी गाडी यायला लागली, तालुक्याच्या इंग्रजी शाळेची. घरोघरी एकच विषय, की जूनपासून पोरं तिकडे घालायची. मुलं कमी झाली की शाळेतला एक शिक्षक कमी होणार, आणि पहिला नंबर बाईंचा. आमचे हेडमास्तर भला माणूस, पण भलता घाबरट. त्यांनी सुचवलं, सव्वीस जानेवारीला पालकांना बोलवा आणि पोरांकडून खाडखाड इंग्रजी म्हणून घ्या, म्हणजे त्यांची खात्री पटेल. बाई आधी साफ नाही म्हणाल्या. मग कसं कोण जाणे, तयार झाल्या. वर्ग हातचा जाऊ द्यायचा नव्हता त्यांना.

मग आम्ही रोज पाठ करत सुटलो. डॉक्टर इज अ पर्सन हू, फार्मर इज अ पर्सन हू. एका पोरीने मध्येच विचारलं, बाई, हे 'पर्सन हू' काय असतं? बाई म्हणाल्या, "आधी पाठ कर." म्हणताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. उलट मजाच वाटत होती, डोक्याला ताप नव्हता ना.

झेंडावंदन झालं आणि आम्ही धडाधड म्हणून दाखवलं. काय त्या टाळ्या! माझे वडील मेंढरं राखणारे, शाळेची पायरी कधी न चढलेले, ते त्या दिवशी पटका बांधून पुढे बसले होते. कार्यक्रम संपल्यावर बाईंसमोर हात जोडून म्हणाले, "लई चांगलं शिकवलं बाई तुम्ही. इथंच येवढी बोलून राह्यली पोरगी, तर तिकडं किती बोलंल! मंग आता जूनला घालतोच तिला पिवळ्या गाडीत." त्यांना वाटत होतं, आपण बाईंचं कौतुक करतोय. मागे उभ्या असलेल्या पालकांनीही माना डोलावल्या. बाई हसल्या, आणि पोरांना खाऊ वाटायला निघून गेल्या.

जूनमध्ये वर्ग निम्म्याहून जास्त रिकामा झाला आणि बाईंची बदली झाली. नव्या शाळेत मी पुष्कळ पाठ केलं, मार्कही चांगले पडले. पण एखादा शब्द समजल्यावर पोटातून जो आनंद व्हायचा, तो तिथे एकदाही झाला नाही. त्याची हळहळ मला अजून आहे.

बाई आता निवृत्त होऊन तीर्थपुरीला राहतात. मागच्या दिवाळीत भेटायला गेले. चहा झाला, कोण कुठे असतं त्याची उजळणी झाली, आणि विषय त्या सव्वीस जानेवारीवर आला. मी म्हटलं, बाई, तुम्ही काहीही केलं असतं तरी आमचे बाप ऐकणारे नव्हते.

"जायचीच होती गं पोरं," बाई म्हणाल्या. "त्याचं न्हाई मला एवढं. पण जाताना मी तुम्हाला न समजता बोलायला शिकवलं, आन् शिदोरी म्हणून तेच घेऊन गेलात तुम्ही."

मी म्हटलं, ते आम्ही केव्हाच विसरलो, बाई.

"तुम्ही विसरलात गं," त्या म्हणाल्या. "मला न्हाई विसरता आलं."