नव्या शेडचे पेढे

मंडळी, आज दुपारी वारज्यातल्या आमच्या वर्कशॉपमधलं शेवटचं मशीन ट्रकवर चढलं. आम्ही जिला सुटे भाग पुरवायचो, ती मोठी कंपनी परराज्यात गेली. म्हणून आमच्या मालकांनीही तिच्याशेजारीच शेड घेतली.

त्या शेडच्या पूजेचे पेढे त्यांनी आम्हाला वाटले.

"वा मालक! नोकरी गेल्याचे पेढे पहिल्यांदाच खातोय," शिंदेकाका म्हणाले. कुणी हसलं नाही.

पण प्रसादाला नाही कसं म्हणायचं? मी माझा पुडा घरी आणला. हातपाय धुऊन येईपर्यंत आईने पेढे देवापुढे ठेवले आणि शेजारी वाटूनही आली. "आमच्या पोराला बढती मिळाली," असं सांगून.

ती अजून खुशीत आहे. तिला आत्ताच सांगू, की आजचा दिवस राहू देऊ?