निराधाराचा रकाना

मागायची लाज ज्याला ठाऊकच नाही असा गृहस्थ भोर-वेल्हे पट्ट्यात एकच, आणि तो म्हणजे आमच्या ताईचे दीर. कामथडीच्या पुढे ते वृद्धाश्रम चालवतात, थोडा सरकारी अनुदानावर, थोडा लोकांच्या देणग्यांवर. अनुदान वर्ष उलटून गेल्यावर येतं. देणगीदार मात्र दर रविवारी पुण्याहून येतात, कुणाचा वाढदिवस, कुणाचं वर्षश्राद्ध, आणि सोबत गोडाचं जेवण. एकदा सलग चार दिवस श्रीखंड झालं आणि अर्ध्या आश्रमाची साखर वाढली, तेव्हापासून दीर दात्यांना फाटकातच गाठतात. "गोड नगं सायेब, डायपर द्या, मोठ्या मानसांचे. नाव पायजेल तर बेडपॅनवर टाकतो." सासऱ्यांच्या नावाने पंखाच देणार म्हणणाऱ्या एका बाईंना त्यांनी खोलीत नेऊन वर बघायला लावलं. माणसं सहा, पंखे सात. बाई सेविकेचा पगार कबूल करून गेल्या, आणि तो अजून देतात.

माझ्या मुलीच्या लग्नात अक्षता पडल्या न पडल्या तोच यांनी व्याह्यांकडे गाद्या मागितल्या. मी महिनाभर अबोला धरला, पण गाद्या आल्या. अनुदान अडकलं की हे घरून भाकरी बांधून कचेरीत जातात आणि साहेबांच्या टेबलासमोर बसून जेवतात, साहेबांनाही कांदा देतात.

पासलीच्या वरच्या वस्तीवरची एक धनगर आजी त्यांच्याकडे आली, तिच्याकडे कसलाच कागद नव्हता. कागद नाही म्हणून अनुदान नाही. तिचं जेवण, औषध दीर स्वतःच्या शेतातला भात विकून भागवत होते, आणि आता ते झेपेना. तीन वर्षं वेल्ह्याला खेपा घालून त्यांनी तिचे कागद उभे केले. शेवटी साहेब तपासणीला आले, त्या दिवशी मीही तिथे होतो. एकच रकाना भरायचा राहिला होता, निराधार असल्याचा.

"आजी, तुमचं कुणी आहे का?"

आजीने दिरांकडे बोट केलं. "हाय की. ह्यो भाचा हाय माजा."

साहेबांनी दिरांकडे पाहिलं. दिरांनी नुसतं नाही म्हणायचं होतं. ते म्हणाले, "व्हय. मावशी हाय माजी."

अनुदान गेलं. साहेब गेल्यावर मी दिरांवर चिडलो. दीर ओसरीवर बसले होते.

"पावणं, हितं परत्येकाच्या अर्जावर 'कोनी न्हाई' असं म्याच लिवतो. त्यांच्या म्होरं बसून लिवतो. आज एकजन हाय म्हनली. तिच्या तोंडावर न्हाई कसं म्हनू?" मग खाली बघत म्हणाले, "तिचं म्हैन्याचं तुमी बगाल का?"

तेव्हापासून मी बघतो. गेलो की आजी विचारते, "तू रं कुनाचा?" मी पाहुणा म्हणून सांगतो. ती भाच्याला चहा टाकायला लावते आणि मला जवळ बसवून घेते. अशा वेळी मला माझी आई फार आठवते. तिच्या शेवटच्या वर्षात मी तिच्याजवळ इतका वेळ कधी बसलो नव्हतो.