शोभाविषयी अतारांकित प्रश्न

संसदेत माझ्या वागणुकीबद्दल प्रश्न विचारला गेला, आणि त्याचं उत्तर तयार करायचं काम माझ्याच टेबलावर आलं.

मी कर खात्यात अधीक्षक आहे. मूळची सोलापूरची, बदलीनं चंडीगढला आलेली आणि झिरकपूरच्या एका फ्लॅटमध्ये राहणारी. म्हणजे रोज सकाळी तासभर ट्रॅफिकमध्ये अडकून, डोकं तापवूनच मी कचेरीत पोचते. तिथं माझ्याकडे संसदेच्या प्रश्नांची फाइल असते. पद्धत अशी, की दिल्लीत एखादे खासदार वित्त मंत्रालयाला प्रश्न विचारतात, मंत्रालय खालच्या कार्यालयाला विचारतं, खालचं कार्यालय आमच्या सोढीसाहेबांना विचारतं आणि साहेब मला विचारतात. माझ्याखाली विचारायला कुणीच नाही, म्हणून मी चिडते!

त्या दिवशीही चिडलेलीच होते. (त्या दिवशी म्हणजे काय, रोजच. पण त्या दिवशी कारण होतं.) प्रश्न सकाळी दहाला आला होता आणि माहिती 'आज चार वाजेपर्यंत' हवी होती. प्रश्न हिंदीत होता. अर्थ असा: (क) चंडीगढमधली काही दुकानं स्वतःची जाहिरात छापलेली कागदी पिशवी ग्राहकाच्या गळ्यात मारून तिचे वेगळे पैसे घेतात, हे खरं आहे काय? (ख) असल्यास, त्या पिशवीवर करही घेतला जातो काय? (ग) शोभा नावाच्या एका महिला कर अधिकाऱ्यानं दुकानातच ग्राहकाला गप्प बसवलं, हे खरं आहे काय? (घ) असल्यास, तिच्यावर कोणती कारवाई केली?

(क) आणि (ख) मी वाचल्या न वाचल्यासारखे केले. (ग) वाचून मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, ही कोण शोभा?" मी सोढीसाहेबांच्या केबिनमध्ये शिरून हिंदीत गरजले. "ग्राहक बिचारा साधा प्रश्न विचारतोय आणि ही त्याला गप्प करते? अशा बायकांमुळे खात्याचं नाव खराब होतं!"

"मैडम, बैठिए तो सही. चाय?"

"चहा नको, मेमो काढू या!"

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुला काहीच आठवलं नाही? आठवायला हवं होतं, कबूल. दोन महिन्यांपूर्वी मी, आमचे हे म्हणजे श्रीकांतराव आणि लेक जुई सेक्टर २२ च्या बाजारात गेलो होतो. श्रीकांतराव हवाई दलातून निवृत्त झालेत. त्यांना पूर्ण देश सांभाळायची सवय लागलेली आणि आता सांभाळायला फक्त स्वयंपाकघर उरलेलं. त्यांनी एका दुकानातून सहा बनियन घेतले आणि बिलावर पिशवी वेगळी लावलेली पाहून ते पेटले.

"भाईसाहब, ये थैली पे तुम्हारा नाम है! मैं तुम्हारा जाहिरात करेगा, और पैसा भी मैच देगा? ऊपर से टैक्स?" (वीस वर्षं उत्तरेत राहून कमावलेलं हिंदी राग आला की पुन्हा सोलापूरला जातं.)

"बैग नहीं लेना तो हाथ में ले जाओ जी," दुकानदार म्हणाला.

"ले जाता!" म्हणत ह्यांनी ते सहा बनियन वेष्टनातून काढले, परेडमध्ये तिरंगा न्यावा तसे दोन्ही हातांवर आडवे घेतले आणि माझ्याकडे वळून भर दुकानात मोठ्यानं विचारलं, "तू कर खात्यातली ना? मग सांग सगळ्यांना, या पिशवीवर कर लागतो का नाही?"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. आमची जुई कोपऱ्यातून म्हणाली, "मम्मा, पापा की बात तो पक्का सही है यार." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पिशवीचे पैसे फेकले, बनियन तिच्यात कोंबले आणि दात-ओठ खात म्हणाले, "चला आता! उगाच शोभा करू नका!"

झालं, संपलं. नवऱ्याला गप्प करायचे प्रसंग आठवड्यातून तीनदा येतात, प्रत्येकाची नोंद कोण ठेवतं?

तर, मेमो. मी तो स्वतःच्या हातानं, हिंदीत लिहिला आणि इतका झणझणीत लिहिला, की टाइप करणाऱ्या मुलीनं दोनदा वर पाहिलं. 'आपले वर्तन बेजबाबदार, उद्धट व नागरिकांचा अपमान करणारे असून...' असं काय काय. मग मी सगळ्या कार्यालयांना फोन लावले, तुमच्याकडे कुणी शोभा आहे का? अकरा वाजता सेक्टर ३४ च्या कार्यालयातून उत्तर आलं: आहे. एकच आहे. शोभाजी, याच महिनाअखेरीला निवृत्त होतायत.

"सर, पळून जायच्या आत पकडली!" मी म्हणाले. "चौकशी होईपर्यंत त्यांच्या निवृत्तीचे कागद थांबवा." होय, हे मीच म्हणाले. सोढीसाहेब कचरत होते, मी रेटलं.

मध्येच मी घरी फोन केला, यायला उशीर होईल म्हणून. "एका बाईनं दुकानात ग्राहकाला गप्प बसवलंय, ते प्रकरण संसदेत गेलंय," मी सांगितलं.

मग श्रीकांतराव अतिशय गोड आवाजात म्हणाले, "हो का? मग सोडू नकोस तिला. अजिबात सोडू नकोस!" कामात नवऱ्याचा एवढा पाठिंबा मला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळाला होता. मी आणखी चेवात आले.

एक वाजता शोभाजी स्वतः आल्या. ठेंगण्या, गुडघे दुखत असल्यानं डुलत चालणाऱ्या, हातात माझा मेमो. मला वाटलं रडतील. त्यांनी तो माझ्या टेबलावर आपटला.

"मैडम जी, ये क्या है? तीस साल की नौकरी में मैंने किसी को चुप नहीं कराया! मुझे ही सब चुप कराते रहे! साहब ने कराया, सास ने कराया, अब जाते-जाते आप करा रही हो?"

"नाव तुमचंच आहे," मी ताठ मानेनं म्हणाले.

"नाम तो मेरे माँ-बाप ने रखा था जी, मैंने थोड़ी! बेटे के पास कनाडा जाना है, टिकट हो गई है. आपने मेरे कागज़ रुकवा दिए? मैं यहीं बैठूँगी!" आणि त्या खरंच माझ्या समोरच्या खुर्चीत बसल्या. आवाज ऐकून सोढीसाहेबही बाहेर आले. ते म्हणाले, मूळ तक्रारीची प्रत दिल्लीहून मागवली आहे, ती आली की दूध का दूध होईल.

दोन वाजता प्रत आली. सोढीसाहेबांनी कागद पाहिला आणि माझ्याकडे सरकवला. "ये तो आपकी भाषा है मैडम. पढ़ के हमें समझाओ."

मी हौसेनं कागद घेतला. पहिली ओळ वाचली आणि कागद डोळ्यांजवळ धरला. ते अक्षर मी ओळखत होते. त्या अक्षरात मला रोज सकाळी वाणसामानाची यादी मिळते. 'मा. खासदार साहेब, स. न. वि. वि. मी आपल्या जिल्ह्याचा, हवाई दलातून निवृत्त झालेला...'

"क्या लिखा है?" सोढीसाहेब.

"लिखा है... कोई रिटायर्ड आदमी है."

"आगे?"

"आगे... बनियन खरीदे."

शोभाजी खुर्चीतून पुढे झुकल्या. देवनागरी वाचायला मराठी यावी लागत नाही, हे मी विसरले होते. सोढीसाहेबांचं बोट थेट मधल्या ओळीवर पडलं. "ये देखो जी! 'शोभा'! साफ़ लिखा है!"

ओळ अशी होती: 'तेथे हजर असलेल्या खात्याच्या महिला अधिकारी उगाच शोभा करू नका असे म्हणाल्या.' अवतरणचिन्हं घालायचा आळस! खासदारांच्या दिल्लीतल्या कचेरीतल्या कुणा हिंदीभाषक माणसानं त्यातून नेमकं एकच ओळखीचं नाव उचललं होतं.

शोभाजींनी ती ओळ दोनदा बघितली. त्यांचा राग भुर्रकन उडाला. "हाय रब्बा. मेरा ही नाम है," त्या हळूच म्हणाल्या.

खरं सांगते, तेव्हा मी गप्प बसले. फार नाही, तीनेक सेकंद. पण त्या तीन सेकंदांत मी बढतीचा विचार केला, सोलापूरजवळच्या बदलीचा केला, आणि समोरच्या बाईचं कॅनडाचं तिकीट बुडालं तरी आपलं नाव कुणाला कळणार नाही, हाही केला. त्याची मला आजही लाज वाटते.

"सर," मी म्हणाले, "शोभा कुणाचं नाव नाही. मराठी में शोभा करना मतलब... चार लोगों के सामने अपना हँसी करवाना."

"अच्छा! तो ये शोभा की किसने?"

"की मेरे पति ने. मना मैंने किया."

"आपके पति भी दुकान में थे?"

"सर, लेटर ही उनका है."

टाइप करणाऱ्या मुलीनं पुन्हा वर पाहिलं. शोभाजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मतलब झगड़ा आपके घर का, पहुँचा पार्लियामेंट, और मेमो आया मुझे?"

मी मेमो उचलून फाडला. माफीही मागितली, हिंदीत, मराठीत, आणि येते तेवढ्या पंजाबीत. 'कागद आत्ताच्या आत्ता सोडतो जी' असं सोढीसाहेबांनी त्यांना सांगितलं आणि लगेच पत्राच्या तळाशी बोट ठेवलं. "और ये आखिरी लाइन?"

शेवटची ओळ होती: 'सदर अधिकारी माझ्या घरातीलच असल्याने मला घरात दाद मिळत नाही, सबब संसदेकडे दाद मागत आहे.' मी तिचं भाषांतर केलं. सोढीसाहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. शोभाजींनी तर लपवायचेही कष्ट घेतले नाहीत.

मी जिन्यात जाऊन घरी फोन लावला. "अहो! तुम्ही माझी तक्रार थेट खासदाराकडे केलीत?"

"तुझी नाही, पिशवीची. तुझं नाव लिहिलंय का कुठं?"

"आणि सकाळी मला म्हणालात, सोडू नकोस तिला!"

"मग काय चुकीचं म्हणालो?" आता त्यांचाही आवाज चढला. "मी दुकानात साधा प्रश्न विचारला होता. जाहिरात त्यांची, ओझं माझं, पैसे माझे, वर कर! आणि ज्या बाईला सगळं माहिती आहे, ती मलाच गप्प करते! तू चिडायला हवी होतीस त्या दुकानदारावर. माझ्यावर कसली चिडतेस?"

माणूस बरोबर बोलत होता. याच्यासारखा संताप आणणारा प्रकार जगात दुसरा नाही!

परत येऊन मी (क) आणि (ख) प्रथमच नीट वाचले आणि सगळा राग तिथं काढला. कोणती दुकानं तपासायची, पिशवीवरच्या वसुलीचं काय करायचं, कोणत्या बिलांच्या प्रती मागवायच्या, सगळं मुद्देसूद लिहिलं. (ग) मध्ये लिहिलं, शोभा नावाच्या कोणत्याही अधिकाऱ्याचा या घटनेशी संबंध नाही. (घ) पाशी पेन अडलं. शेवटी सरकारी भाषेतली सर्वांत सभ्य ओळ लिहिली: संबंधित अधिकाऱ्यास योग्य ती समज देण्यात आली आहे.

चारला पाच कमी असताना सोढीसाहेबांनी मसुदा हातात घेतला, माझ्याकडून ओळन् ओळ समजून घेतली आणि सहीसाठी पेनाचं टोपण काढलं. मग ते थांबले. संसदेत खोटं गेलेलं त्यांना चालत नाही.

"मैडम, यहाँ 'समझ दी गई है' लिखा है. पक्का दी गई?"

मी म्हणाले, "सर, आप साइन कीजिए. मुझे घर पहुँचते ही मिल जाएगी!"